साक्षीला कोण? मातीच्या परीक्षेची गोष्ट

'गांडूळ शेतकऱ्याचा मित्र' हे आपण शाळेत घोकलं. पण इथे कॅनडात, उत्तरेच्या जंगलात, हा मित्र परका आहे. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या या प्रदेशात मूळची गांडुळं जवळजवळ उरली नाहीत. आज दिसतात ती बहुतेक युरोपातून आलेली. मग इथली माती विषारी झाली का, हे ठरवताना साक्षीला बोलवायचं कोणाला?

१९८४ साली ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं गांडुळांवरच्या चाचणीची पद्धत ठरवून दिली. ७० टक्के वाळू, २० टक्के पांढरी चिकणमाती आणि १० टक्के पीट, अशी कृत्रिम माती तयार करायची. त्यात रसायन मिसळून गांडुळं सोडायची आणि १४ दिवसांनी किती जगली ते मोजायचं. त्यासाठी निवडलं आयसेनिया फेटिडा, म्हणजे शेणखतातलं लाल गांडूळ. ते सहज पाळता येतं आणि देशोदेशींचे आकडे ताडून पाहता येतात. सोय मोठी होती. पण शेणखतातला हा जीव साध्या शेतातही क्वचितच राहतो, मग जंगलाचं काय सांगावं?

वनस्पतींचंही तसंच. कॅनडाच्या २००५च्या पद्धतीत काकडी, मुळा, टोमॅटो, बार्ली अशी पिकं होती. जंगलातली माती मात्र आम्लयुक्त, पालापाचोळ्याची. तिथे काकडी खुरटली, तर दोष सांडलेल्या तेलाचा की आम्लाचा? निकाल चुकला, तर चांगली माती उकरून फेकली जाते, नाहीतर तिथल्या झाडांचा धोका नजरेतून सुटतो.

म्हणून २०१३ साली कॅनडाच्या पर्यावरण खात्यानं उत्तरेच्या जंगलातल्याच वनस्पतींची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात पांढरा स्प्रूस, जॅक पाइन अशी झाडं आली. २०२० साली ओपिया नायटेन्स या चिमुकल्या माइटचीही पद्धत आली. पालापाचोळ्यात राहणारा हा जीव तिथल्या मातीतलाच. अर्थात रानातलं बी एकसारखं उगवत नाही, वाढही सावकाश होते, त्यामुळे चाचणी लांबते. पण साक्षीदार गावचा असला, की त्याच्या बोलण्याला वजन येतं.

आणि हो, मुलांना घेऊन मासे पकडायला गेलात, तर गळाची उरलेली गांडुळं दया म्हणून जंगलात सोडू नका. तिथला पालापाचोळा ती भराभर फस्त करतात, आणि त्यावर जगणारी ही छोटी मंडळी उघडी पडतात.