पळायचं असेल तर आधी बूट बघा

आधी पायांकडे बघा. उजव्या बुटाचा तळ सुटलाय, तो तुम्ही गोणपाटाच्या चिंधीने बांधलाय. डावा बूट तुमचा नव्हेच. तो मेलेल्या कुणाचा तरी आहे, दोन बोटं मोठा. साल 1865, फेब्रुवारीची अखेर, गाव व्हर्जिनियातलं पीटर्सबर्ग आणि अंगावर दक्षिणेच्या सैन्याचा, कधीकाळी राखाडी असलेला कोट. अमेरिकेच्या यादवी युद्धाचं काय होणार याची काळजी तुमचे जनरल ली करतील. तुम्हाला एवढंच ठरवायचंय, की आज रात्री पळायचं की नाही.

खंदकाचा वास घशात बसतो. ओल्या पाइनचा धूर, शौचाचे खड्डे, आठ महिने त्याच चिखलात लोळलेली माणसं. बरं, ओलं लाकूडही आता सहज मिळत नाही, आसपासचं रान केव्हाच जळून गेलंय. कोटाची शिवण निखाऱ्यावर धरा. तडतड ऐकू आली? उवा त्या. शेजारचा पोरगा त्यातल्या तगड्या निवडून टिनच्या थाळीत शर्यत लावतो आणि लोक त्यावर तंबाखूची पैज लावतात. तुम्ही कालच चिमूटभर हरलात.

जेवायला मक्याची भाकरी. पीठ चाळलेलं नाही, कणसाच्या दांड्याही त्यातच दळलेल्या, घास गिळताना टोचतात. सोबत बोटभर खारवलेलं डुकराचं मांस, कडेने हिरवट. कॉफी म्हणून जे मिळतं ते भाजलेल्या रताळ्याचं काळं पाणी. आणि मग वारा फिरतो. समोरच्या उत्तरेच्या खंदकांतून खऱ्या कॉफीचा वास येतो. पोटात कालवाकालव होते ती तोफेने होत नाही. तोफेची आता सवय झालीय. रात्री मॉर्टरचा गोळा वर चढताना त्याची जळती वात दिसते, तेवढ्यात तुम्ही अंदाज बांधता, आपल्यावर नाही, आणि कूस बदलता.

पण खरा घोळ खिशातल्या पत्रामुळे झालाय. जुना लिफाफा उलटा करून त्याच्या आतल्या बाजूला बायकोने लिहिलंय, रानफळांच्या रसाची शाई, अक्षरं तपकिरी पडत चाललीत. पिकाचा दहावा हिस्सा सरकारने नेला. उरलेला मका संपत आला. गाय घेऊन गेले. पेरणी तोंडावर आलीय, नांगर कोण धरणार? तुमचा पगार महिना 18 डॉलर, तोही कित्येक महिने हातात पडलेला नाही. रिचमंडला पिठाच्या एका पिंपाला कित्येक शे डॉलर पडतात. आणि मोठ्या मळेवाल्याने पुरेसे गुलाम दाखवले की त्यांच्यावर नजर ठेवायला एका गोऱ्या माणसाला कायद्यानेच लष्करातून सूट. तुमच्याकडे गुलाम नाही, तुमच्याकडे एक गाय होती.

म्हणून लोक जातात. काही नुसतेच रजेविना गैरहजर होतात. पेरणी उरकून, खाली मान घालून परत येतात, मग पिंप अंगात घालून छावणीभर फिरायची शिक्षा भोगतात. पण शिक्षा नेहमी अशी हसण्यावारी जात नाही. अख्ख्या ब्रिगेडला चौकोनाच्या तीन बाजूंना उभं करतात, चौथ्या बाजूला खांबाला बांधलेला तो असतो. कालपर्यंत तुमच्याबरोबर थाळीवर पैजा लावणारा. काही बंदुकांत गोळीच भरत नाहीत, म्हणजे नेम कुणाचा लागला ते कुणालाच कळू नये. बार होतो, धूर तुमच्याच तोंडावर येतो, आणि रांगेने त्याच्यावरून नजर फिरवत जायला लावतात. परवा लींचा हुकूम वाचून दाखवला, 20 दिवसांत परत या, माफी मिळेल. ऐकणारे सगळे हजरच होते. ज्यांच्यासाठी होता ते कुठल्या रानात, कोण जाणे.

मग वाट कुठली? नॉर्थ कॅरोलायनातलं घर दीडशे मैलांपलीकडे. पुलापुलावर पहारा, गावात होमगार्ड, त्यांच्याबरोबर कुत्री. तिकडे रँडॉल्फ परगण्यात पळालेले लोक जंगलात भुयारं खणून राहतात आणि बायका अंधारात भाकरी पोचवतात. नवऱ्याचा पत्ता सांगेना म्हणून एका बाईचे अंगठे होमगार्डांनी कुंपणाच्या लाकडाखाली चेपले. शूर कोण, पळपुटा कोण, याच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी त्या बाईला विचारावं, असं माझं मत.

समोर मात्र काही शे पावलंच. आज पुढच्या पहाऱ्यावर तुमची पाळी आहे. तिथल्या खड्ड्यातून शत्रूचा खोकलाही ऐकू येतो. दिवसा त्याच्याशी तंबाखूच्या बदल्यात कॉफी केलीय तुम्ही. या वाटेने तुमच्याआधी पळालेले गुलाम गेलेत, आणि ते पळाले तेव्हा तुम्हीच पहाऱ्यावर असाल तर बंदूक कुणीकडे रोखली होती, ते आठवायला आत्ता वेळ नाही. चंद्र ढगात गेला. बंदूक टाकू नका! उत्तरेचे जनरल ग्रँट बरोबर आणलेल्या हत्याराचे पैसे देतात. नळी खाली करा, चिखलात कोपरांवर सरका, टोकदार खुंट्यांतून कोट सोडवा, फाटू दे. मागून हाक आली तर वळू नका. समोरून आली तर हळू आवाजात सांगा, एकटाच आहे, येतोय.

सकाळी रेल्वेच्या उघड्या डब्यातून सिटी पॉइंटला, उत्तरेच्या सैन्याच्या तळावर. आणि इथे तुमचे पाय लटपटतात, कारण हवेत पावाचा वास आहे. इथल्या भट्ट्यांतून रोज लाखभर पाव निघतात. धक्क्यावर आगबोटींच्या शिट्ट्या, खेचरांचं केकाटणं, पिठाची पोती, शिव्या. बेड्या घातलेले काही जण शेजारून जातात, ते उत्तरेचेच: भरतीचा बोनस घ्यायचा, पळायचं, दुसऱ्या गावी दुसऱ्या नावाने पुन्हा भरती व्हायचं. तुम्ही उपाशी पळालात, हे पैसे घेऊन पळाले. तुम्हाला चक्क त्यांचा हेवा वाटतो.

टेबलामागचा कारकून बायबलवर हात ठेवायला लावतो, निष्ठेची शपथ वदवून घेतो, बंदुकीचे पैसे मोजतो. कुठे जायचं, विचारतो. तुम्ही घराचं नाव सांगता. मान वर न करता तो म्हणतो, तो भाग अजून बंडखोरांकडे आहे, तिथे सोडत नाही. उत्तरेला फुकट नेऊ, नाहीतर इथेच गोदामात मजुरी आहे. फिलाडेल्फिया लिहू?

तुम्ही घुटमळता. रांगेतला मागचा पाठीत ढोसतो: काय ते ठरव लवकर, बाबा, तिकडे पाव गार होतोय.