जावास्क्रिप्टने यादीतले आयटम काढताना काही मागेच का राहतात?

जावास्क्रिप्ट शिकताना टू-डू लिस्ट किंवा किराणा यादीचं छोटं वेब पेज बहुतेक सगळेच बनवतात. आणि तिथे एक प्रश्न हमखास येतो: "सगळे आयटम काढायला लूप चालवला, एरर पण आली नाही, तरी काही आयटम तसेच! असं का?" आज मी तेच सोप्या भाषेत सांगणार आहे.

एक आयटम कसा काढायचा?

एचटीएमएलमध्ये यादी म्हणजे यूएल टॅग आणि तिच्यातला प्रत्येक आयटम म्हणजे एलआय टॅग. आयटम काढायचे दोन मार्ग आहेत.

१. रिमूव्हचाइल्ड: इथे यादीला सांगावं लागतं की तुझ्यातला हा आयटम काढ. हा मार्ग १९९८ च्या पहिल्या डॉम स्टँडर्डपासून आहे.

२. रिमूव्ह: इथे थेट आयटमलाच सांगायचं की तू निघ. लिहायला सोपा. पण इंटरनेट एक्सप्लोररमध्ये तो चालत नसे, म्हणून जुन्या कोडमध्ये पहिलाच मार्ग जास्त दिसतो.

मग लूपमध्ये काय बिघडतं?

समजा यादीत पाच आयटम आहेत: दूध, साखर, चहा, पोहे, शेंगदाणे. जावास्क्रिप्टमध्ये मोजणी शून्यापासून सुरू होते. शून्य नंबरचं दूध काढलं, की बाकीचे सगळे एक जागा पुढे सरकतात. साखर आता शून्य नंबरवर आली, पण लूप तर एक नंबरवर गेला! तिथे आहे चहा, म्हणून चहा निघाला. साखर वाचली. पुढच्या फेरीत पोहे वाचतात आणि शेंगदाणे जातात. शेवटी साखर आणि पोहे पेजवर तसेच.

याचं कारण म्हणजे 'चिल्ड्रन' किंवा 'गेट एलिमेंट्स बाय टॅग नेम' वापरून मिळालेली यादी लाइव्ह असते. पेजवर बदल झाला की तीही लगेच बदलते.

यावर उपाय काय?

१. लूप उलटा चालवा. शेवटच्या आयटमपासून शून्यापर्यंत या. मागचा आयटम काढला तर पुढच्यांचे नंबर बदलत नाहीत.

२. 'क्वेरी सिलेक्टर ऑल' वापरा. याची यादी लाइव्ह नसते, त्यामुळे सरळ लूपही चालतो. फक्त टिक केलेले आयटम काढायचे असतील तर मला हाच मार्ग सोपा वाटतो.

३. सगळंच रिकामं करायचं असेल तर लूपच नको. यादीवर 'रिप्लेस चिल्ड्रन' कंसात काहीही न देता चालवा, काम झालं.

हे लक्षात ठेवा!

आयटम पेजवरून गेला म्हणजे डेटा डिलीट झाला, असं नाही. जावास्क्रिप्टने फक्त तुमच्या ब्राउझरमध्ये उघडलेलं पेज बदललं. यादी लोकल स्टोरेजमध्ये किंवा सर्व्हरवर सेव्ह असेल, तर रिफ्रेश केल्यावर सगळं परत दिसेल. किराणा यादीत हे चालून जाईल, पण कोणी आपला फोन नंबर किंवा पत्ता डिलीट करत असेल तर? स्क्रीनवर तो गायब आणि सर्व्हरवर तसाच, म्हणजे त्या माणसाची फसवणूकच. म्हणून डिलीट बटण बनवताना आधी जिथे डेटा सेव्ह आहे तिथून तो काढा, आणि तो निघाल्याची खात्री झाली की मगच पेजवरचा आयटम हटवा.