भोपळ्याचा दृष्टान्त आणि पाणबुड्याचे जॅकेट

पिंपळगाव राजाहून समुद्र काही शे किलोमीटर दूर. तरी खामगाव तालुक्यातल्या या टापूत मालवण-तारकर्लीला जाऊन पाण्याखालचे मासे पाहून आलेली माणसे आता भेटतात. त्यांतला एखादा तरुण स्कूबाचा पुढचा कोर्स करायचे मनावर घेतो, स्वतःचे साहित्य विकत घ्यायचे म्हणतो, आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. पाठीवर टाकी पेलणारे, हवेची पिशवी असलेले ते जॅकेट, ज्याला सगळे बीसीडी म्हणतात, ते कसे घ्यावे? उत्तर ठरलेले: मोठे घ्यावे. जितके फुगेल तितके उचलेल, जितके उचलेल तितका जीव सुरक्षित. अंगाला थोडे सैल असले तरी चालेल, पाण्यात सरळ उभे धरून ठेवणारे मात्र हवे. हे मत चुकीचे आहे, असे आमचे म्हणणे. पण त्याला अडाणीपणा म्हणून उडवून लावणे न्यायाचे होणार नाही. त्याच्यामागे खराखुरा अनुभव आहे आणि तो आपल्याच विहिरींतला आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. वऱ्हाडातले पोर पोहायला शिकते ते विहिरीत. पाठीला वाळलेला भोपळा, नाहीतर तेलाचा झाकण डाखलेला डबा, आणि अलीकडे ट्रॅक्टरची ट्यूब. घाबरट पोराला एकाच्या जागी दोन भोपळे. ‘दोन भोपये बांध, मंग काही होत नाई’ हे आश्वासन खोटे नसते. दोन भोपळ्यांचे पोर खरोखरच बुडत नाही. यात नवे काहीच नाही. निमरूद येथील असुरी राजवाड्यातली, इ.स.पू. नवव्या शतकातली शिल्पे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत; त्यांत फुगवलेल्या कातडी पिशव्या पोटाशी धरून नदी ओलांडणारे सैनिक कोरलेले आहेत. म्हणजे ‘हवा जास्त, धोका कमी’ या सिद्धान्ताला जवळजवळ तीन हजार वर्षांचे पाठबळ आहे. पूर्वपक्षाचे अनुमान असे: भोपळा हवा धरतो म्हणून तारतो, बीसीडीही हवा धरते, तस्मात् मोठी बीसीडी जास्त तारणार.

दोष दृष्टान्तात आहे. भोपळा कडक असतो, पिशवी मऊ असते, आणि सारा वाद या एका फरकावर निकालात निघतो. भोपळा हातभर खाली गेला काय किंवा दोन पुरुष खाली गेला काय, त्याचा आकार तोच, म्हणून त्याने बाजूला सारलेले पाणी तेवढेच, आणि आर्किमिडीजच्या नियमाने त्याचे प्लावक बलही तेवढेच. पिशवीतल्या हवेला मात्र बॉइलचा नियम लागतो. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडला तोच, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला: दाब दुप्पट, तर आकारमान निम्मे. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. पृष्ठभागावरची सहा लिटर हवा १० मीटरवर तीन लिटर, २० मीटरवर दोन लिटर होते. पाणबुड्या जरासा खाली सरकला की पिशवी आक्रसते, उचल घटते, तो आणखी खाली जातो. जरासा वर आला की पिशवी फुगते, उचल वाढते, तो आणखी वर ओढला जातो. भोपळा चुकीला माफ करतो. पिशवी चूक वाढवत नेते. आणि पिशवीत हवा जितकी जास्त, तितकी ही वाढ मोठी. ट्रॅक्टरची ट्यूबही मऊच की, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण ट्यूब पाण्याच्या वर राहते. तिला घेऊन विहिरीच्या तळाशी कोणी जात नाही.

आता पिशवीत मुळात हवा लागते किती, ते पाहू. आपल्याकडे सर्रास वापरात असलेली अकरा लिटरची अॅल्युमिनियमची टाकी २०० बारपर्यंत भरली की तिच्यात सुमारे २२०० लिटर हवा मावते. हवेला वजन नसते असे आपण बोलताना समजून चालतो. पण लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास धरले तरी या हवेचे वजन अडीच किलोंच्या वर जाते. ५० बार शिल्लक ठेवून वर येईपर्यंत त्यातले सुमारे दोन किलो श्वासातून निघून गेलेले असतात. म्हणून बुडीच्या शेवटी समतोल राहायचा असेल, तर सुरुवातीला दोन किलो जड असणे भाग आहे. दुसरा हिशेब सूटचा. तीन मिलिमीटरच्या निओप्रीन सूटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात. २० मीटरवर ते दबतात आणि सूटची उचल एक-सव्वा किलोने कमी होते. दोन्ही मिळून तीन-सव्वातीन किलो. एवढे भरून काढायला पिशवीत सव्वातीन लिटर हवा पुरते. बाजारातली बहुतेक जॅकेटे १२ ते २० किलो उचलणारी असतात.

मग उरलेली जागा प्रत्यक्षात कशाने भरते? बहुधा कमरेच्या पट्ट्यातल्या अनावश्यक शिशाने. नवख्याला खाली जाता येत नाही, कारण तो घाबरून छाती भरभरून श्वास घेतो आणि तसाच धरून ठेवतो. उपाय म्हणून त्याच्या पट्ट्यात आणखी चार किलो घातले जातात. तो बुडतो. आता तो जास्तच बुडतो, म्हणून पिशवीत आणखी चार लिटर हवा. २० मीटरवर त्याच्याजवळ सव्वातीनच्या जागी सव्वासात लिटर हवा आहे. तो १० मीटरपर्यंत वर आला की दाब तिनाचा दोन होतो आणि तीच हवा जवळजवळ अकरा लिटर होते. साडेतीन किलोंहून अधिक जास्तीची उचल त्याला वेळेत सोडून द्यावी लागते. नेमके वजन घेतलेल्याला याच टप्प्यात दीड-पावणेदोन किलोंचीच काळजी. मोठी पिशवी ही चूक निस्तरत नाही, पचवून घेते. चूक दिसेनाशी होते आणि माणूस पुढच्या वेळी तेवढेच शिसे पुन्हा मागतो.

इथे पूर्वपक्ष आपला शेवटचा बाण काढतो: ‘पण वर आल्यावर, दमल्यावर, बेशुद्ध पडल्यावर तर मोठेच जॅकेट वाचवील ना?’ याला उत्तर आप्तवाक्याने देता येते, आणि ते आप्त म्हणजे जॅकेट बनवणारेच. युरोपात या उपकरणांना ईएन १८०९ हे मानक लागू आहे आणि त्यानुसार त्यांच्यासोबत स्पष्ट इशारा दिलेला असतो: हे जीवरक्षक जॅकेट नाही, पाण्याच्या पृष्ठभागावर डोके वर राहील याची हे खात्री देत नाही. होडीतले नारिंगी लाइफ जॅकेट बेशुद्ध माणसाला उताणे पाडून तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठीच घडवलेले असते. बीसीडी त्यासाठी घडवलेली नसते. एकाचा गुण दुसऱ्यावर लादणे ही उघड अतिव्याप्ती आहे.

इतिहासही पूर्वपक्षाच्या बाजूने बोलत नाही. कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये टाकीतली हवा श्वासाला पुरवणारे अॅक्वालंग सिद्ध केले तेव्हा पाणबुड्याच्या अंगावर कसलीच पिशवी नव्हती. टाकी, पट्टा आणि फुफ्फुसे एवढ्यावर त्या पिढीने समुद्र पाहिला. वजन नेमके ठेवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. फेंझी या फ्रेंच गृहस्थाची गळ्यात घालायची फुगती कॉलर १९६१ च्या सुमाराची, अंगरख्यासारखी जॅकेटे १९७० च्या दशकातली, आणि पाठीवर पिशवी असलेली, धातूच्या पट्टीला बांधायची ‘विंग’ फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांत शिरणाऱ्यांकडून पुढे आली. म्हणजे आधी तोल होता. त्यात राहिलेली फट बुजवायला पिशवी आली.

तोलाचा प्रश्न नुसता वर-खालीचा नाही, आडव्या-उभ्याचाही आहे. माणसाची उचल छातीत, फुफ्फुसांपाशी एकवटलेली असते आणि वजनाचा मध्य त्याच्या खाली, बेंबीच्या आसपास. त्यामुळे पाय आपोआप खाली जातात. त्यात कमरेला शिशाचा पट्टा बांधला की आणखी. पाय खाली लोंबणारा माणूस फिन मारतो तेव्हा तो पुढे कमी आणि वर जास्त जातो. वर जाऊ नये म्हणून तो नकळत स्वतःला जड ठेवतो. जड असतो म्हणून त्याला फिन मारतच राहावे लागते. श्वास जोरात, टाकी लवकर रिकामी, आणि तळाशी असेल त्याची माती. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे प्रवाळ जपावेत म्हणून. त्या प्रवाळांवर उभ्या माणसांच्या फिनांचे फटके बसतात, आडव्यांचे क्वचित. ‘सरळ उभे धरून ठेवणारे जॅकेट’ हा गुण होडीची वाट पाहताना गुण असतो. खाली गेल्यावर तोच दोष होतो.

पाठीवर पिशवी असलेल्या प्रकारावर एक आक्षेप असतो आणि तो आम्हांला मान्य आहे: पृष्ठभागावर ती भसाभस फुगवली तर माणसाला तोंडावर ढकलते. पण ढकलते ती जास्त हवेमुळे आणि सगळे वजन पोटाशी असल्यामुळे. थोडी हवा सोडली, अंग मागे रेलले, दोन-तीन किलो पट्ट्यातून काढून टाकीच्या पट्ट्याजवळच्या कप्प्यांत सरकवले, की हा त्रास बराचसा जातो, आणि पायही वर येतात. अॅल्युमिनियमची टाकी भरलेली असताना जराशी बुडते, संपत आली की किलो-दीड किलोने तरंगू पाहते. वजन तिच्याजवळ असले तर बुडीच्या शेवटी पाठ वर ओढली जात नाही. आणि बाजूंनी फुगणारे जॅकेटही त्याज्य नाही. बरगड्यांना न आवळता फुगणारे मिळाले, तर ते सुखाचे असू शकते.

सुखाचे म्हणजे काय, याबद्दलही गैरसमज आहे. दुकानात टीशर्टवर, टाकीशिवाय चढवून ‘मस्त बसतेय’ म्हणणे याला काही अर्थ नाही. सूट घालून, टाकी लावून, पिशवी पूर्ण फुगवून छाती भरून श्वास घेता आला पाहिजे. फुगवल्यावर जॅकेट कानापर्यंत वर चढता कामा नये. हवा सोडायची तोटी आणि खालची झडप न पाहता हाताला लागली पाहिजे. माप छातीच्या घेराइतकेच धडाच्या लांबीवरून घ्यावे. बायकांना तर पुरुषी मापाची जॅकेटे खांद्यावरून घसरतात, हे भाड्याने देणाऱ्यांना ठाऊक असूनही फारसे कोणी मनावर घेत नाही. पोरांचे कपडे आपण वाढत्या मापाचे घेतो, तीच काटकसर इथे येते. पण सैल जॅकेटात टाकी डावी-उजवीकडे लोळते आणि तिच्याबरोबर माणूसही.

तारकर्लीच्या हौशी बुडीने हे सगळे का कळत नाही, याचे कारण साधे आहे. तिथे पाठीमागे मार्गदर्शक असतो. हवा तो भरतो, तो सोडतो, पर्यटकाला धरून तोच फिरवतो. पर्यटक मासे पाहतो आणि परत येऊन जॅकेटाचे गुण सांगतो. खरे तर तोल मार्गदर्शकाच्या हातात होता. त्याचे प्रत्यक्ष खोटे नाही, ज्या गोष्टीबद्दल तो साक्ष देतो ती त्याने पाहिलेली नाही, इतकेच.

आणि विहिरीचा दृष्टान्त नीट पाहिला, तर तो पूर्वपक्षाच्या कामाचा राहतच नाही. चांगला शिकवणारा भोपळा पाठीवर, खांद्यांच्या खाली बांधतो. तो कमरेच्या खाली घसरला तर पाय वर आणि तोंड पाण्यात, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. आणि पोर सरावले की दोनाचा एक, मोठ्याचा लहान, असे करत तो भोपळा काढूनच टाकतो. किती तरंगवायचे हा त्याचा प्रश्न नव्हताच. कुठे बांधायचे आणि कधी कमी करायचे, हा होता.

मग किती उचल घ्यावी? आपल्या कोमट समुद्रात, पातळ सूट आणि एक टाकी असेल तर, भरल्या टाकीनिशी डोके आरामात बाहेर ठेवायला आठ-दहा किलो पुरतात. पुण्या-नागपुरातून नॉर्वेला गेलेला कोणी तिथल्या थंड पाण्यात जाड सूट घालून दोन टाक्यांनी उतरणार असेल, तर त्याने खुशाल दुप्पट घ्यावी; त्याचा हिशेबच वेगळा आहे. पट्ट्यातले वजन ठरवायला टाकी ५० बारवर आलेली असावी, पिशवी रिकामी, आणि नेहमीसारखा श्वास धरला असता पाणी डोळ्यांच्या रेषेत यावे. श्वास सोडला की हळूहळू खाली जावे. टाकी भरलेली असेल तर त्या वजनात दोन किलो मिळवावेत. हीच परीक्षा कोणी खामगावजवळच्या ज्ञानगंगा धरणाच्या गोड्या पाण्यात केली, तर येणारा आकडा मालवणला चालणार नाही. समुद्राचे पाणी गोड्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. शंभर किलोंच्या माणसा-साहित्याला तिथे आणखी अडीच किलो शिसे लागेल.