आपल्या गल्लीतून गेलेली रेघ

आपल्या मंडळाचा यंदा साठावा वर्धापनदिन. स्मरणिकेसाठी मी काही लिहावे असा अध्यक्षाबाईंनी आग्रह धरला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याची कृती लिही म्हणाल तर लिहीन, पण इतिहास वगैरे विद्वानांनी लिहावा. त्यावर त्या म्हणाल्या, "प्रभागाच्या नकाशासाठी तुम्हीच ना सगळ्यांच्या घरी हिंडलात? मग तोच इतिहास लिहा." म्हणून हे चार शब्द. चुकभूल झाल्यास पदरात घ्यावी.

आपल्या पुण्याची वस्ती मुळात पेठांची. कसबा सर्वांत जुना, मग वारांच्या नावांच्या पेठा, पुढे नाना, नारायण, सदाशिव. माणूस कुठला म्हणून विचारले की पेठेचे नाव सांगायचे. पेठेची हद्द कुणाला नकाशात पाहावी लागत नसे. देऊळ, हौद, वेस, वडाचे झाड हीच हद्द. प्रभाग मात्र तसा नव्हे. तो कागदावर जन्मतो, आणि निवडणूक आली की त्याचा कागद बदलतो.

पुण्याची नगरपालिका सुरू झाली ती इंग्रजांनी १८५० साली केलेल्या कायद्याखाली. सुरुवातीच्या काळी सभासद सरकारच नेमीत असे. महात्मा जोतीराव फुले १८७६ सालापासून काही वर्षे असेच सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजवण्यासाठी हजार रुपये खर्चावे असा ठराव आला. जोतीरावांनी एकट्याने त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावावा असे त्यांचे म्हणणे होते. ठराव पास झाला, जोतीराव हरले. पण सभेत आपले म्हणणे मांडणारा एक जरी माणूस असला तरी ते नोंदले जाते, हे त्यावरून कळते. आपला माणूस कोण, हे कोणत्या रेघेच्या आत कोण राहते त्यावर ठरते. म्हणून ही रेघ क्षुल्लक नाही.

लॉर्ड रिपनने १८८२ साली स्थानिक कारभार लोकांच्या हाती द्यावा असा ठराव काढला आणि निवडून येणारे सभासद वाढले. तरी मत असे ते कर भरणाऱ्यांना. बायकांची कथा तर आणखी निराळी. मुंबईच्या महापालिकेत १९२३ साली सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले निवडून गेल्या, तेव्हा कुठे तिकडे बायकांचे पाऊल सभागृहात पडले. आपल्या पुण्यातही त्याच सुमारास मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने बायकांनी चळवळ केली होती. आज आपल्या मुली शाळेत जातात, त्यामागे त्या बायकांची पायपीट आहे.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची महानगरपालिका झाली. १९५२ साली पहिली निवडणूक झाली आणि प्रौढ मताधिकाराने कर भरणारी नि न भरणारी, बाई नि पुरुष, सगळ्यांच्या बोटाला शाई लागली. तेव्हा मताला एकविसावे वर्ष पूर्ण व्हावे लागे. अठरा झाले ते १९८९ साली.

माझ्या सासूबाई १९६० साली लग्न होऊन या वाड्यात आल्या. दुसऱ्याच वर्षी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या सांगत, की भांडी, धान्य, लग्नातला शालू सगळे चिखलात गेले आणि नदीकाठच्या पेठांतली कितीतरी बिऱ्हाडे परत आलीच नाहीत. ती लांब नव्या वसाहतींत राहायला गेली. शहर पेठांच्या बाहेर पसरायला लागले ते तेव्हापासून आणखीच वेगाने. आज पाहा, वाड्यांच्या इमारती झाल्या तरी पेठांतली माणसे कमी होत गेली आणि बाहेरची उपनगरे फुगत गेली. १९९७ साली महापालिकेत ३८ गावे घेतली, त्यांतली काही पुढे वगळली. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आणखी आली. नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन बाहेर काढून त्यांची निराळी नगरपरिषद झाली.

आता पंक्तीत वाढणाऱ्या बाईने विचार करावा. जुनी माणसे उठून गेली, टोकाला नवी पंगत बसली, तर ताटे पुन्हा मांडावीच लागतील. जुन्या जागेवर दहा ताटे ठेवून टोकाच्या पन्नास माणसांना एकच ताट दिले तर तो अन्याय होय. म्हणून सीमा बदलणे मुळात वाईट नाही. न बदलणे हेच वाईट. प्रश्न एवढाच, की ताटे कोण मांडतो आणि मांडताना कुणाच्या तोंडाकडे पाहतो.

राज्य निवडणूक आयोगाचे त्याला नियम आहेत. शेवटच्या जनगणनेची लोकसंख्या धरायची. सरासरीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमीअधिक होऊ द्यायचे नाही. आरंभ उत्तरेकडून करायचा आणि शेवट दक्षिणेकडे. नदी, नाला, रेल्वे, मोठा रस्ता अशा ठळक खुणांवरून हद्द न्यायची. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे मोजणीदाराने एकत्र मोजलेली घरे, फोडायचा नाही. मग प्रारूप नकाशा लावायचा, लोकांच्या हरकती व सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि शेवटी अंतिम करायचा. नियम ऐकायला सरळ आहेत. पण २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून २०२५ सालची ताटे २०११ च्या पाहुण्यांच्या यादीवरून मांडावी लागली.

नियम एक, पण पद्धती किती बदलल्या ते माझ्याच आयुष्यावरून सांगते. मी २००१ साली या घरात सून म्हणून आले. २००२ साली पहिले मत दिले तेव्हा एका प्रभागात तीन नगरसेवक होते. २००७ साली एका वॉर्डाला एकच झाला, असे १४४ वॉर्ड होते. २०१२ साली दोन-दोनांचे ७६ प्रभाग झाले. २०१७ साली चार-चारांचे मोठे प्रभाग आले. एकूण प्रभाग ४१ आणि नगरसेवक १६२. पुढे पुन्हा एकाचा, मग तिघांचा असा विचार झाला आणि अखेर चारांवरच गाडी आली. एवढे तर आमच्या घरात भाजीचे वेळापत्रकही बदलत नाही! यात बायकांचा लाभ मात्र एक झाला. १९९० पासून आपल्या राज्यात तीस टक्के, घटनादुरुस्तीनंतर एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना राखीव झाल्या.

२०१७ ची गोष्ट मी विसरणार नाही. मतदानाच्या दिवशी सासूबाई, मी आणि समोरच्या काकू नेहमीप्रमाणे बरोबर निघालो. चौकात आल्यावर कळले की आमची शाळा डावीकडची आणि काकूंची उजवीकडची. हद्द आपल्या गल्लीच्या मधोमध गेली होती. नकाशा महिन्यांपूर्वी लागला होता, हरकतींची मुदत येऊन गेली होती. आपल्यापैकी एकही बाई तो पाहायला गेली नव्हती, मीसुद्धा. दोष आपलाच.

त्याचा त्रास पुढे कळला. मंडईच्या तोंडाशी बायकांसाठी स्वच्छतागृह हवे, ही आपल्या मंडळाची जुनी मागणी. भाजी विकणाऱ्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, ते का, हे बाईला सांगावे लागत नाही. आपण सह्यांचा अर्ज नेला. एका नगरसेवकांकडे गेलो तर ते म्हणाले, निम्म्या सह्या आमच्या मतदारांच्या नाहीत. दुसरीकडे गेलो तर जागा त्यांच्या हद्दीत नव्हती. अर्ज फिरत राहिला. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, आरक्षणाच्या आणि प्रभागांच्या प्रश्नावर कोर्टात खटले चालले आणि जानेवारी २०२६ पर्यंत पुण्याला नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. सासूबाई २०२४ साली गेल्या. आजारपणातही त्या विचारीत, "अगं, मतदानाची तारीख लागली का?" मला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये नवा प्रारूप नकाशा लागला, तेव्हा मी भाकरी तव्यावर तशीच ठेवून निघाले असे म्हटले तरी चालेल. रेघ तिथेच होती. यावेळी आपण घरोघर फिरलो, सह्या घेतल्या, हरकत दिली. सुनावणीला आपण सातजणी गेलो. बोलताना माझा आवाज कापत होता. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतले, नकाशा उलगडला आणि दाखवले की आपल्या गल्लीच्या दोन बाजू दोन निराळ्या प्रगणक गटांत आहेत. एक बाजू उचलायची तर पूर्ण गट उचलावा लागेल, आणि मग पलीकडच्या प्रभागाची लोकसंख्या मर्यादेबाहेर जाईल. चारांच्या प्रभागाची सरासरी सुमारे ८४ हजार धरली होती. अंतिम नकाशा आला, रेघ हलली नाही.

परत येताना सगळ्या गप्प होत्या. तेव्हा समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, रडता काय? चार नगरसेवक तुमचे, चार आमचे. मंडळाचे आठ झाले की!" आम्ही रस्त्यातच हसलो.

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. आता ४१ प्रभागांतून १६५ जण निवडून जातात. काकू उजवीकडच्या शाळेत गेल्या, मी डावीकडच्या. दोघी चौकात पुन्हा भेटलो. त्यानंतरच्या बैठकीत आपण ठरवले, की स्वच्छतागृहाचा अर्ज एकच, सह्या दोन्ही बाजूंच्या, पण प्रती आठ, आणि प्रत्येक प्रतीवर पोच घ्यायची. आठांपैकी सहा पोचा माझ्याकडे आल्या आहेत, त्या सासूबाईंच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. दोन राहिल्या आहेत. त्यासाठी येत्या मंगळवारी चारच्या सुमारास निघायचे आहे. ज्यांना जमेल त्यांनी मंडळाच्या दाराशी यावे.

आणि पुढच्या वेळी नकाशा लागेल तेव्हा, भगिनींनो, पहिल्याच दिवशी पाहायला जाऊ. एवढे सांगून हा लेख पुरा करते.