खिळा, फॉन्ट आणि अक्षर

एखादी जुनी फ्लॉपी हाती लागावी, तिच्यावरील १९९८ सालचा आपलाच लेख उत्सुकतेने उघडावा आणि ‘मराठी’ या शब्दाच्या जागी पडद्यावर रोमन लिपीतील ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे उमटावीत, असा अनुभव मराठीच्या अनेक अध्यापकांना आलेला असेल. फाईल बिघडलेली नसते. कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द नेमका याच पाच अक्षरांनी साठवला जातो. तो फॉन्ट संगणकात पुन्हा बसवला की लेख पूर्ववत मराठी होतो. मग प्रश्न पडतो की, मधल्या काळात त्या फाईलमध्ये मराठी होती कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना थोडे मागे, छापखान्यापर्यंत जावे लागते. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापले गेले. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागराने देवनागरी खिळ्यांना असे देखणे वळण दिले की संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासकांना ते आजही ओळखीचे वाटते. देवनागरीची जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या यांसाठी जुळाऱ्याला शेकडो खिळे हाताळावे लागत. ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनीही खटपट केली होती. परंतु ही सारी यातायात छापखान्याच्या चार भिंतींत होई. पान एकदा छापले की खिळ्यांचे काम संपे. पुढे ते खिळे वितळवले, तरी पुस्तक वाचता येई. वाचकाने खिळे बाळगावेत अशी अपेक्षा कोणीच केली नव्हती.

घरगुती संगणकाने ही अपेक्षा प्रथमच केली. १९९० च्या दशकात श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव असे अनेक मराठी फॉन्ट प्रचारात आले. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे आकार बसवावयाचे, ही त्यांतील युक्ती होती. जागा जेमतेम २५६, त्यांतही सर्वच वापरता येत नसत. म्हणून अर्धी अक्षरे, काने, रफार सुटे करून जेथे सोय होईल तेथे ठेवले गेले, आणि प्रत्येकाने ते आपापल्या क्रमाने ठेवले. एखादे मराठी संकेतस्थळ वाचावयाचे तर आधी त्याचा फॉन्ट उतरवून घ्यावा, कंट्रोल पॅनेलमधील ‘फॉन्ट्स’ या कप्प्यात टाकावा आणि मगच मजकुराकडे वळावे. दुसऱ्या संकेतस्थळासाठी दुसरा फॉन्ट. वाचकाच्या घरी आता एक लहानसा छापखानाच थाटला गेला होता.

या व्यवस्थेत संगणकाला मराठी कळत नव्हती, केवळ आकार कळत होते. ‘किती’ हा शब्द लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी टंकावी लागे आणि ती तशीच आधी साठवली जाई. उच्चारात व्यंजन आधी आणि स्वर नंतर असतो. येथे कागदावर जे डावीकडे दिसते ते आधी, असा जुळाऱ्याचा हिशेब होता. परिणामी अकारविल्हे सूची लावता येत नसे, आणि एका फॉन्टमधील ‘तुकाराम’ दुसऱ्या फॉन्टमध्ये शोधून सापडत नसे.

यावरचा विचार मात्र तेव्हाच झालेला होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले काम भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक संकेतप्रणाली घडवत होते. इस्की या नावाने ती १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने इस्कीच्या १९८८ च्या मसुद्याचाच आधार घेतला. अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक द्यावयाचा आणि त्याचे रूप फॉन्टवर सोपवावयाचे, हे या दोहोंचे मूलतत्त्व होते.

विंडोज २००० सोबत आलेल्या ‘मंगल’ या युनिकोड फॉन्टचे संकल्पन कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांचे. तरीही २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी ‘गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा’ अशा अर्थाच्या एका चौकटीत खूण करावी लागे, आणि बहुधा मूळ तबकडी शोधून आणावी लागे. खूण केली नाही तर वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला दिसे आणि जोडाक्षरे सुटत. २००७ मध्ये घरोघरी आलेल्या व्हिस्टापासून ही खटपट संपली.

क्रमांक मिळाला म्हणून सर्व प्रश्न सुटले असे नाही. आचार्यास आणि आचाऱ्यास यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. ते दाखवणाऱ्या ‘ऱ’साठी युनिकोडने स्वतंत्र क्रमांक दिला. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ यांना मात्र वेगळे क्रमांक नाहीत, कारण अक्षर तेच, वळण तेवढे निराळे. ‘मंगल’मध्ये ही अक्षरे हिंदीच्या वळणाने दिसतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणे निश्चित केली, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्यास तीच वळणे दाखवणारे फॉन्टही पुढे आले. मराठीपण काही अंशी अक्षरात आहे आणि काही अंशी रूपात, असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

आपल्या विभागांच्या कपाटांत त्या दोन दशकांतील प्रबंध, संहिता आणि नियतकालिकांच्या टंकप्रती अजून पडून आहेत. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु ती नेमकी रफार, अर्धी अक्षरे आणि ‘ऱ्य’ येथे अडखळतात. म्हणून रूपांतरित मजकूर मुद्रितशोधकाच्या नजरेखालून गेलाच पाहिजे. आचार्यांचे आचारी होणे हसण्यावारी नेता येईल, पण संतवाङ्मयाच्या संहितेत असा एक रफार हलला तर पाठभेद कवीचा की फॉन्टचा, हे पुढच्या संशोधकाला कळणार नाही. हस्तलिखितांसाठी आपण पाठचिकित्सेचे शास्त्र उभे केले. कपाटातील फ्लॉप्यांना तेच शास्त्र लावण्याची वेळ आली आहे, आणि त्या वाचू शकणारी यंत्रे दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहेत.