डोंगराच्या पोटातलं पाणी

धामापूरच्या तळ्याची गोष्ट आमच्याकडे दागिन्यांपासून सुरू होते. घरात लग्न निघालं की फुलांचे दागिने गुंफायचे, परडीत ठेवायचे आणि परडी भगवतीच्या देवळासमोर पाण्यावर सोडायची. परडी बुडायची, आणि वर यायची ती सोन्याच्या दागिन्यांनी भरून. कार्य उरकलं की दागिने पुन्हा तळ्यात. एकाने ते ठेवून घेतले, तेव्हापासून देणं थांबलं. गोष्ट संपवताना आजी न चुकता म्हणायची, "देवीचा पाणी तां, झिला. वापरूचा आणि सोडूचा." आम्हां पोरांना त्या गोष्टीत सोनं दिसायचं. आजी पाण्याबद्दल सांगत होती.

हे तळं माणसांनी बांधलेलं आहे. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली डोंगरांमधल्या घळीत मातीचा बांध घातला. धामापूर आणि काळसे या गावांची शेती त्यावर उभी राहिली. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. कौतुक सगळं बांधाच्या वाट्याला येतं. मला त्यातलं अर्धं भोवतीच्या डोंगरांना द्यावंसं वाटतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यातला बराच वाहून जातो. उरलेला रान आणि भोकाभोकांचा जांभा पिऊन घेतात आणि झऱ्यांवाटे हळूहळू सोडतात. तळं भरलेलं राहतं ते या रानाच्या जिवावर.

आजीचं माहेर दोडामार्गाकडचं. तिथे तळं नाही. डोंगराच्या कुशीतून येणारे व्हाळ, त्यावर पोफळीच्या बागायती आणि दारातल्या बावी. आजीचे वडील बावीतल्या पाण्याकडे बघून वरच्या रानाची तब्येत सांगत, असं ती अभिमानाने सांगायची. पाणी लवकर आटलं की ते वर जाऊन बघून यायचे, कोणी झाडं तोडली की काय.

त्याच डोंगरांत लोखंड आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीत मायनिंग कित्येक दशकांपासून चालू आहे. नंतर दोडामार्गात कळण्याला खाण आली, गावाचा विरोध असताना. उघड्या खाणीचं गणित समजून घ्यायला हवं. खनिज काढायचं तर आधी रान जातं, मग जांभ्याचा थर जातो. म्हणजे पाऊस पिणारं अंगच खरवडून निघतं. आपल्या पट्ट्यात लोहखनिजाचा भुसभुशीत थरही पाणी धरतो. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की खाण कोरडी ठेवायला पंप अहोरात्र चालतात आणि भोवतीच्या बावींचं पाणी त्या खड्ड्याकडे ओढलं जातं. उकरलेल्या मातीचे डोंगर पहिल्या पावसात व्हाळात उतरतात. २९ जुलै २०२१ रोजी कळण्यातल्या खाणीचा बांध फुटला आणि साठलेलं पाणी लाल चिखल घेऊन वस्तीत आणि बागायतीत शिरलं. पोफळीच्या मुळांवर बसलेला तो गाळ खरवडून बाग पुन्हा उभी करायला किती वर्षं जातात, हे बागायतदारालाच विचारावं.

सीमेपलीकडे गोव्यात डिचोली-सत्तरीच्या शेतांनी हे आधीच भोगलं होतं. २०१२ मध्ये तिथलं खाणकाम थांबवावं लागलं. चंद्रपूरकडे खनिज वेगळं, कोळशाचं, पण इरईच्या काठी उघड्या खाणींच्या मातीचे ढिगारे उभे राहिले आणि नदीची वाट अरुंद झाली. खड्ड्याकडे ओढलं जाणारं भूजल आणि पात्रात उतरणारा गाळ, दोन्ही तिथेही तेच.

माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाच्या संवेदनशील पट्ट्यांत नव्या खाणींना परवानगी नको, असं लिहून दिलं. ते बाजूला पडलं. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या गावांना संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याबाबत आदेश दिले. न्यायालयाने ऐकलं, ते गावं वर्षानुवर्षं बोलत राहिली म्हणून.

मात्र मायनिंगच्या जनसुनावणीत गावकरी उभा राहिला की त्याला पुरावा विचारतात, आणि कंपनीच्या अहवालात डोंगराच्या पाण्याला मिळतात मोजकी पानं. पुरावा माणसांच्या तोंडी आहे. आजोळच्या वाडीत एक वयस्कर मामा आहेत. ते मला बोटांवर मोजत सांगत होते, "वरची बाव शिमग्यापर्यंत, देवळाकडची अक्षय्य तृतीयेपर्यंत. व्हाळाकडचो झरो मिरगापर्यंत हलूचो नाय. माझ्या बापाच्या वेळेक वरची बाव पण मिरग बघी." दोन पिढ्यांतला भूजलाचा फरक त्यांनी एका दमात सांगितला, आणि तो कुठल्याही कागदावर नाही. अशी माणसं वाडीवाडीत अजून आहेत, पण कमी होत चालली आहेत. त्यांच्या शेजारी वही घेऊन बसायला हवं: कुठली बाव, किती खोल, कुठल्या सणापर्यंत पाणी, कुठल्या साली आटली. आणि ही यादी ग्रामसभेच्या ठरावाला जोडून, सहीशिक्क्यासह, खाणीचा पुढचा अर्ज येण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचली पाहिजे.