बुरशीच्या औषधरोधाचे कोडे

रोगजंतूंमधील औषधरोधाची चर्चा निघाली की बहुधा जिवाणूंचेच नाव पुढे येते. बुरशी उपेक्षितच राहते. वास्तविक गंभीर बुरशीसंसर्गावर उपचार करताना डॉक्टरांची भिस्त प्रामुख्याने अझोल, पॉलिईन आणि एकिनोकॅन्डिन या तीनच गटांतील औषधांवर असते. बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा माणसाच्या पेशीला अधिक जवळची आहे. त्यामुळे रुग्णाला इजा न करता केवळ बुरशीला मारणारे औषध शोधणे अवघड ठरते. हाती असलेली औषधे निष्प्रभ कशी होतात, या प्रश्नाचा कॅनडातील जनुकशास्त्रज्ञ डॉ. लिआ कोवेन यांनी दोन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला आहे.

या संशोधनाची सुरुवात टोरांटो विद्यापीठात झाली. डॉक्टरेटसाठी अभ्यास करीत असताना कोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीच्या एकाच पेशीपासून १२ वसाहती वाढवल्या. सहा वसाहतींना फ्लुकोनाझोल हे औषध सतत दिले, तर उरलेल्या सहा औषधाविना ठेवल्या. ३३० पिढ्यांनंतर औषधाच्या सान्निध्यातील सहाही वसाहती त्याला दाद देईनाशा झाल्या होत्या. औषधाविना वाढलेल्यांमध्ये असा बदल झाला नाही. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा लक्षणीय निष्कर्ष असा, की उगम एकच असूनही प्रत्येक वसाहतीने निराळी वाट धरली. औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांची आणि औषधाच्या लक्ष्याची जनुके प्रत्येकीत वेगवेगळ्या प्रमाणात सक्रिय झाली होती. औषधरोधाला एकच ठरावीक मार्ग नसतो, हे त्यातून दिसले.

वाटा अनेक असल्या तरी त्यांना आधार देणारे काही समान असेल काय? याचे उत्तर कोवेन यांना अमेरिकेतील व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये, प्रख्यात शास्त्रज्ञ सुसान लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेत गवसले. ते होते 'एचएसपी ९०' हे प्रथिन. इतर प्रथिनांची घडी नीट बसवणे आणि ताणाच्या काळात त्यांना सावरणे हे त्याचे काम. त्याच्या आधाराने टिकणाऱ्या प्रथिनांपैकी कॅल्सिन्युरिन हे एक. औषधाचा मारा झाल्यावर पेशीला तगवून धरण्यात त्याचा मोठा वाटा असतो. जनुकातील नव्या बदलाचा लाभ बुरशीला तत्काळ मिळतो तो या यंत्रणेमुळेच, असे कोवेन व लिंडक्विस्ट यांनी २००५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडले. एचएसपी ९० ला रोखताच औषधरोध ढासळला. ताप आल्यावर शरीराचे तापमान वाढते, तशा वाढीव तापमानातही हाच परिणाम दिसला.

मात्र याच अभ्यासाने एक इशाराही दिला. रुग्णाच्या शरीरात दीर्घकाळ राहिलेल्या बुरशीचा औषधरोध हळूहळू या प्रथिनावर कमी विसंबू लागतो. म्हणजे कुबडी काढून घेण्याचा उपाय लवकर योजला तर अधिक फलदायी ठरण्याची शक्यता.

कोवेन २००७ मध्ये टोरांटो विद्यापीठात अध्यापक म्हणून परतल्या. २००९ मध्ये त्यांच्या गटाने मेणकिड्याच्या अळ्यांवर प्रयोग केले. घातक संसर्ग झालेल्या अळ्या फ्लुकोनाझोल आणि एचएसपी ९० रोधक एकत्र दिल्यावर बचावल्या. अडचण अशी, की हेच प्रथिन माणसाच्या पेशींनाही अत्यावश्यक आहे. त्याला सरसकट रोखणे म्हणजे रुग्णालाच धोक्यात घालणे. म्हणून बुरशीच्या प्रथिनाची रचना तपासून, मानवी प्रथिनापेक्षा त्यालाच अधिक घट्ट चिकटणारा रेणू शोधण्याकडे संशोधन वळले. २०१९ मध्ये असा रेणू प्रयोगशाळेत साध्य झाल्याचे या गटाने जाहीर केले. त्यापासून प्रत्यक्ष औषध घडवणे हा पुढचा, अधिक लांबचा टप्पा.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने या कार्याचे महत्त्व कॅन्डिडा ऑरिस या बुरशीमुळे वाढते. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात प्रथम आढळलेली ही बुरशी २०१३ पर्यंत दिल्लीतील रुग्णालयांतही नोंदली गेली. तिचे अनेक वाण फ्लुकोनाझोलला जुमानत नाहीत. तिच्या अझोलरोधामागे 'सीडीआर १' नावाचा पंप असून, औषध सहन करण्याच्या क्षमतेत एचएसपी ९० चाही हात आहे, असे कोवेन यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ घातक बुरशींची पहिली प्राधान्य यादी प्रसिद्ध केली. त्यातील सर्वाधिक गंभीर गटात कॅन्डिडा ऑरिस आणि कॅन्डिडा अल्बिकन्स या दोहोंचा समावेश आहे.

नवी औषधे दुर्मीळ असताना जुन्याच औषधांची धार परत आणणे, हा कोवेन यांच्या संशोधनाचा गाभा आहे. बुरशीला मारण्याआधी तिचा आधार काढून घ्यावा, हा विचार त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केला. तो रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचवणे हे आता औषधनिर्मितीपुढील आव्हान आहे.